पस्तीस इंची

जावयाचा फोन आला की "बाबा, शनिवारी वेळ आहे का, एक छोटंसं काम होतं," तेव्हाच मी ओळखलं, काम छोटं नाही. छोटं काम घेऊन येणारा माणूस फोन करत नाही. तो सरळ येतो, हवा भरतो आणि जातो. टायरच्या धंद्यात तीस वर्षं घालवल्यावर एवढं तर कळतंच.

काम लेकीच्या पिकअपचं होतं. माझी लेक जनावरांची डॉक्टर आहे. डोंगरातल्या वस्त्यांवर, जिथे डांबर संपतं आणि मग मुरूमही संपतो, तिथल्या गाईम्हशी तिच्याकडे असतात. त्यासाठीच तिने ती गाडी घेतली होती. चारही चाकांना ताकद देणारी, पोटाखाली लोखंडी पत्रा असलेली, कंपनीतूनच आडवाटेसाठी तयार होऊन आलेली. टायर एकतीस इंची, खडबडीत. मागच्या हौद्यात औषधांची पेटी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अडलेलं वासरू ओढायचे दोर. लेक उंचीने बेताची, आईवर गेलेली. तरी पायरीवर पाय ठेवून ती अशी टुणकन आत बसायची की बघत राहावं.

जावई फरशांच्या शोरूममध्ये मॅनेजर. माणूस वाईट नाही. मी आजारी होतो तेव्हा पंधरा दिवस रोज येऊन माझं दुकान उघडून बसला होता. पण अलीकडे त्याला एक ग्रुप मिळाला होता. दर रविवारी सात-आठ गाड्या घेऊन कुठेतरी चिखलात जायचं, रुतायचं, एकमेकांना ओढून काढायचं आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे. लेक म्हणायची, "आम्ही आठवडाभर रुतू नये म्हणून देवाचा धावा करतो आणि ही मंडळी सुट्टी काढून रुतायला जातात."

शनिवारी सकाळी दोन गाड्या आल्या. एक लेकीची पिकअप, जावई चालवत होता. दुसरीत चार टायर, नव्या काळ्या रिमांवर चढवलेले, आणि ग्रुपचा म्होरक्या. त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. कुठल्या सैन्यातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने टायर खाली लोटले तसा नव्या रबराचा वास दुकानभर पसरला. तो वास मला एरवी आवडतो. त्या दिवशी नाही आवडला.

मी एक टायर फिरवून आकडे वाचले. "पस्तीस?"

"पस्तीस!" जावई लहान मुलासारखा हसला. "कशी दिसेल सांगा, बाबा. रणगाडा."

"या गाडीला एकतीसची आहेत. बत्तीस सहज बसतील. तेहतीसही बसवून देईन, जरा प्लास्टिक तासावं लागेल. पस्तीस घालायची तर गाडी खालून उचलून घ्यावी लागते. स्प्रिंग बदला, आर्म बदला, ब्रेकच्या नळ्या लांब करा. नुसती चाकं बदलून नाही होत."

"कंपनीवाले घाबरट असतात अंकल," कॅप्टन म्हणाला. "जरा कापाकापी केली की बसतात. सगळे बसवतात."

"आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलंय?" मी जावयाला विचारलं.

"ती ट्रेनिंगला गेलीय ना, सोमवारी येईल. सरप्राइज आहे."

मी नाही म्हणालो. स्पष्ट म्हणालो. हात पुसले आणि दुसऱ्या गाडीकडे वळलो. दुकानाच्या मागेच आमचं घर. जावई आत गेला, आणि दहा मिनिटांनी आमची सौभाग्यवती पदर खोचत बाहेर आली.

"अहो, इतक्या वर्षांत त्यांनी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

"अगं, गाडी बिघडेल."

"तुम्ही नाही केलं तर ते दुसरीकडे जाऊन करून घेतील. तो दुसरा काय घाण करून ठेवेल देव जाणे. निदान तुमच्या हाताखालून गेलं तर नीट तरी होईल."

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नाही. पण खरं सांगायचं तर त्या ग्रहाने मला काही केलं नाही. बायकोच्या बोलण्याने मला पळवाट मिळाली, आणि मी तिच्यातून गेलो. दुसरा करील त्यापेक्षा मी केलेलं बरं. हे वाक्य मी पुढे दिवसभर मनात घोळवत राहिलो, तोंडातल्या खडीसाखरेसारखं.

गाडी लिफ्टवर घेतली. पहिलं चाक चढवून पाहिलं आणि खाली टेकवून स्टिअरिंग वळवलं. अर्धं वळण झालं नाही तोच टायर पुढच्या बाजूला, चाकावरच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर घासला. पूर्ण वळवलं तर मागच्या बाजूला आणखी अडकला. तिथे गाडीची बॉडी चेसिसवर बसते, त्यासाठी एक जाड लोखंडी बैठक असते. तिच्या कोपऱ्यावर टायर जाऊन टेकला.

अस्तर कापलं. गरम हवेने मऊ करून उरलेलं मागे दाबलं. प्लास्टिक जळल्याचा वास घशात बसला. मग ग्राइंडर घेतला आणि त्या बैठकीचा कोपरा उडवला. कोऱ्या गाडीचं लोखंड, अजून वर कारखान्याचा रंग. ठिणग्या उडत होत्या, रंग करपत होता, आणि कॅप्टन मोबाइल धरून समोर उभा.

"अंकल, जरा इकडे बघा."

मी बघितलं. आणि हसलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कुणी कॅमेरा धरला की माणूस हसतो, त्यात काय एवढं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. लागू पडत नाही.

सगळ्यात वाईट होती ती ब्रेकची नळी. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आणि चाक वर दबलेलं असेल, तर टायरची आतली कड त्या रबरी नळीला लागणार हे मला दिसत होतं. मी काय केलं? प्लास्टिकची एक पट्टी घेतली आणि नळी मागे ओढून बांधून टाकली. असल्या पट्ट्या बांधणाऱ्या मिस्त्र्यांना मी उभ्या आयुष्यात किती शिव्या घातल्या असतील त्याची गणती नाही.

जावयाला समोर बसवून सांगितलं. "काटा ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी नव्वदने पळत असेल, हे लक्षात ठेवा. थांबायला जास्त जागा लागेल. स्टेपनी जुनीच आहे, लहान, तेव्हा पंक्चर झालं तर गाडी लंगडणार. आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून खड्ड्यात घालायची नाही. कळलं? पन्नास-साठ किलोमीटर झाले की नट आवळायला आणा."

"हो बाबा, हो," तो म्हणाला. लक्ष सगळं गाडीकडे. तो दोन पावलं मागे जायचा, बघायचा, पुन्हा दोन पावलं मागे. गाडी खरोखरच बेढब दिसत होती, काठीसारख्या पायात बापाचे बूट घातलेल्या पोरासारखी. त्याला ती राजबिंडी दिसत होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. डोळेही नसतात.

जुनी चाकं मी दुकानामागे एकावर एक रचून ठेवली. "टाका कुणाच्या तरी गळ्यात," जावई जाताना म्हणाला. मी वरून ताडपत्री घातली.

सोमवारी सकाळी दुकान उघडतोय तोच पिकअप दारात. चिखलाने आरशांपर्यंत माखलेली. जावई कामाचे कपडे घालून, इस्त्री केलेल्या शर्टात, अत्तर मारून खाली उतरला. म्हणजे उडी मारून उतरला, कारण पायरी आता सवयीपेक्षा उंच गेली होती.

"बाबा, जरा बघता? वळताना आवाज येतोय. आणि ब्रेकचं पेडल थोडं खाली जातंय. अकराला ती येईल, दुपारी तिला डोंगरात जायचंय."

"कुठे नेली होती?"

"नदीत. उन्हाने पात्र उघडं पडलंय ना, मधे मोठं बेट झालंय गोट्यांचं. काय चढली बाबा! कॅप्टनची अडकली, आपली नाही."

मी पाण्याचा पाइप घेऊन चाकं धुवायला लागलो. खोल नक्षीचा टायर, त्यात चिखल घट्ट बसलेला, मुळं, गवत, बारीक गोटे. पाण्याने निघेना म्हणून स्क्रूड्रायव्हरने उकरू लागलो. गोट्यांच्या मधे एक तुकडा निघाला, मातकट रंगाचा, वर काळे ठिपके. आधी मला तोही दगडच वाटला. बोटात धरला तर चुरला. टरफल होतं. मग दुसरं, आतून चिकट. मग एक पाय. काडेपेटीतल्या काडीएवढा, शेवटी तीन नखं.

टिटवी घरटं बांधत नाही. नदीकाठच्या गोट्यांतच अंडी घालते, दगडांत दगड दिसावीत अशी. हे मला लेकीने दाखवलं होतं, ती आठ-नऊ वर्षांची असताना. मला हात धरून लांब थांबवायची आणि म्हणायची, बाबा, आता एक पाऊलसुद्धा टाकू नका.

मी वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि जे निघत होतं ते त्यावर ठेवत गेलो. एका टायरमधून दोन अंड्यांचे तुकडे आणि ते पिल्लू. दुसऱ्यात नुसती पिसं, ओल्या कापसासारखी.

"अरे हो," जावई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "तिकडे ती पाखरं फार ओरडत होती. डोक्यावर घिरट्या घालत होती, वेडी झाल्यासारखी. व्हिडिओ आहे, बघता?"

मी काही म्हणायच्या आत त्याने मोबाइल समोर धरला. पिकअप बेटावर चढतेय, गोटे उडतायत, वर दोन टिटव्या सुरी फिरावी तशा खाली येतायत आणि पुन्हा वर जातायत. त्यांचा तो टाहो, आणि त्याच्यावर सात-आठ माणसांचं हसणं. कुणीतरी म्हणतंय, "पळा पळा, विमानं आली!"

मी नळावर जाऊन चूळ भरली.

गाडी वर घेतली आणि खाली शिरलो. मी बांधलेली पट्टी तुटून लोंबत होती. नळीचं वरचं रबर घासून गेलं होतं, आतलं कापडी विणकाम दिसत होतं. बोटाने दाबली तर तेलाचा थेंब आला.

"इकडे या," मी म्हणालो. तो आला. "हे दिसतंय? आज दुपारी घाटात ही फुटली असती. गाडीत तुमची बायको असती."

त्याचा चेहरा पडला. पण माणूस एकदा चढला की पटकन उतरत नाही. "मग नळी नवी टाका ना बाबा. चांगल्यातली टाका."

"टाकतो. आणि ही चाकं काढतो."

"चाकं नका काढू. येत्या रविवारी आम्ही..."

"काढतोय."

"अहो, पण गाडी आमची आहे!"

"आमची म्हणजे कुणाची?"

हे मी नव्हतो म्हणालो. लेक दारात उभी होती, खांद्यावर बॅग, बसचा प्रवास करून आलेली. तिने गाडीकडे पाहिलं, वर, खाली. मग कागदाकडे. ती खाली बसली. टरफलाचा एक तुकडा उचलून तळहातावर घेतला.

"किती होती?" तिने विचारलं.

"मी मुद्दाम नाही गं केलं," जावई म्हणाला. "तिथे नुसते दगडच दिसत होते..."

"ती दगडच दिसतात. म्हणून तर जगतात." तिने तुकडा परत ठेवला. मग बॅगेतून टॉर्च काढला आणि गाडीखाली गेली. मी आणि जावई परीक्षेचा निकाल लागायचाय अशा पोरांसारखे उभे. टॉर्चचा उजेड अस्तरावर फिरला, नळीवर थांबला, मग त्या बैठकीवर गेला आणि तिथे खूप वेळ राहिला.

"हे कुणी कापलं?"

जावयाने माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणालो.

ती बाहेर आली. "नळी घासणार हे तुम्हाला कळलं होतं?"

"हो. पट्टी बांधली होती मी."

"पट्टी बांधली होती," ती म्हणाली. शब्द नुसते परत केल्यासारखे. "याला काही कळत नाही, बाबा. याच्याशी मी भांडेन, चार दिवस बोलणार नाही, मग संपेल. पण तुम्हाला कळत होतं. तुम्ही याला सांगितलंही असेल, काय काय होईल ते, एकेक मुद्दा. आणि सांगून झाल्यावर ग्राइंडर उचललात."

"म्हटलं, दुसरीकडे जाऊन करून घेण्यापेक्षा..."

माझी लेक किडे पडलेल्या जखमेत बोटं घालते. मेलेलं वासरू गाईच्या पोटातून कोपरापर्यंत हात घालून तुकड्यातुकड्याने काढते. मी पाहिलंय. तेव्हाही तिचं नाक कधी मुरडलेलं पाहिलं नव्हतं. ते त्या दिवशी माझ्याकडे बघून मुरडलं. क्षणभरच. मग तिने तोंड फिरवलं.

"जुनी चाकं आहेत की विकलीत?"

"आहेत. मागे आहेत."

तिने जावयाला ती लोटत आणायला लावली, इस्त्रीच्या शर्टात, एकेक करून. नट तिने स्वतः बसवले, समोरासमोरचे धरून, तिरके, मी तिला लहानपणी शिकवलं होतं तसे. नळी मी बदलली. ती शेजारी उभी राहून बघत होती, परक्या मिस्त्रीवर गिऱ्हाईक नजर ठेवतं तशी. मग ब्रेकमधली हवा काढायची म्हणून ती पेडलवर पाय ठेवून आत बसली.

"दाब," मी खालून म्हणायचो.

"दाबलंय."

"सोड."

"सोडलंय."

त्यानंतर त्या दिवशी आमचं एवढंच बोलणं झालं. दुपारी ती डोंगरात गेली. आईने डबा भरून ठेवला होता तो घ्यायलाही थांबली नाही.

आठ दिवसांनी कळलं की ती बैठक तिने दुसऱ्या गॅरेजात जाऊन वेल्डिंग करून घेतली. टायरवाल्याची लेक दुसऱ्याच्या दारात. बायको म्हणाली, "फोन का येत नाही हो तिचा?" मी म्हणालो, "कामात असेल." मग एके दिवशी बायकोला सगळं सांगितलं, तिने स्वतः त्या शनिवारी मला काय म्हटलं होतं तेही. "मी म्हटलं खरं," ती म्हणाली, "पण मला गाडीतलं काय कळतं?" तिनेही नेमकं तिथेच बोट ठेवलं, जिथे दुखत होतं. आपल्याकडे म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी ती आजवर दुसऱ्यांवर वापरत आलो होतो.

जावई मात्र सुटला. पस्तीस इंची चाकं कॅप्टनने नेली. ग्रुपही हळूहळू सुटला, की लेकीने सोडवला, ते मी विचारलं नाही. महिनाभराने तो एकटाच दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"बाबा, ती माझ्याशी बोलते. तुमच्याशी का बोलत नाही?"

"तुमच्याकडून तिची अपेक्षा कमी असेल," मी म्हणालो. तो हसला. त्याला वाटलं, सासऱ्याने थट्टा केली.

त्याच महिन्यात दुसरी पीडा सुरू झाली. कॅप्टनने तो व्हिडिओ टाकला होता, ग्राइंडर, ठिणग्या आणि मी. तो बघून माणसं येऊ लागली. "ते हसणारे अंकल तुम्हीच ना? आम्हालाही तशीच बसवायचीत." पहिल्याला मी समजावून सांगितलं. दुसऱ्यालाही. तिसरा म्हणाला, "जावयाला केलंत आणि आम्हाला का नाही?" त्याच्या अंगावर मी जवळजवळ धावून गेलो. पुढे पुढे नुसतं हात जोडून पिटाळायला लागलो. रस्त्याने अवाढव्य चाकांची गाडी गेली की मी मान खाली घालून हातातलं काम करतो. राग नाही येत. घाण वाटते, एखाद्या गोष्टीत पाय पडला आणि घरभर ती फिरवली असं काहीतरी.

तीन महिन्यांनी लेक आली. पुढचे ब्रेक पॅड झिजले होते. "वस्तीवरचं काम अडलंय, जवळ तुम्हीच आहात," एवढंच म्हणाली. मी गाडी वर घेतली, पॅड बदलले, चाकं चढवली, नट आवळले. नेहमीपेक्षा सावकाश केलं सगळं. हात पुसत म्हणालो, "झालं."

तिने केस बांधले, माझ्या भिंतीवरचा पाना उतरवला आणि पहिल्या चाकापाशी गेली. मी आवळलेला एकेक नट तिने पुन्हा आवळून पाहिला. सगळे घट्ट होते. मग ती खाली शिरली.

"टॉर्च धरा," आतून आवाज आला.

मी गुडघ्यांवर बसलो आणि टॉर्च धरला. ती दोन बोटांनी नळीवरून हात फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसऱ्या बाजूची. वेल्डिंगच्या जागी रंग जरा वेगळा होता. त्या जागेकडे मी पाहिलं, तिने पाहिलं नाही.

"जरा डावीकडे घ्या."

मी टॉर्च डावीकडे घेतला. उजेड हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं. आतून बायको हाक मारत होती, चहा झालाय म्हणून, दोघांनाही. लेकीचं अजून तपासून व्हायचं होतं.